वर्णन जुळत नाही

आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी 'मीआहेना' म्हणतो. तोंडावर म्हणत नाही, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. पण घरात आम्हा नवरा-बायकोत हेच नाव चालतं, आणि एकदा जिन्यात "काय मीआहेना, बरंय ना?" असं माझ्या तोंडून निसटलंही होतं. त्यांना वाटलं मी स्वतःबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "हो हो, तुम्ही आहातच."

नाव का पडलं ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी वहिनी लग्न करून इकडे, परक्या मुलखात, आल्या तेव्हा त्यांना इथल्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. भाषेच्या क्लासला जाते म्हणाल्या, तर गृहस्थ म्हणाले, "कशाला? मी आहे ना." बसचा पास काढते म्हणाल्या, तर "मी आहे ना." मग डॉक्टर, केस कापणं, दुकान, पोस्ट, सगळीकडे हे पुढे आणि वहिनी मागे. भाषांतराचं काम यांच्याकडे. आता भाषांतर म्हणजे कसं, तर वहिनी डॉक्टरांना पाच मिनिटं सांगायच्या, की दुखणं मानेपासून सुरू होतं, मग खांद्यात उतरतं, जिना चढताना वाढतं, डाव्या कुशीवर झोपलं की थांबतं पण मग उजवीकडे जातं. मीआहेना सगळं नीट ऐकून डॉक्टरांकडे वळायचे आणि म्हणायचे, "पाठ." मग डॉक्टर दहा मिनिटं बोलायचे, हातवारे करायचे, कागदावर मणक्याचं चित्र काढायचे. मीआहेना वहिनींकडे वळून म्हणायचे, "गोळ्या दिल्यात."

केस कापायला गेले तेव्हा वहिनींनी निक्षून सांगितलं होतं, "फक्त टोकं कापायची." मीआहेनांनी त्या बाईला काय सांगितलं देव जाणे. वहिनी बाहेर आल्या तेव्हा फक्त टोकंच उरली होती.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझी बायको हे वाचून माझ्याशी दोन दिवस बोलायची नाही. तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता आहे. दिवसभर गिऱ्हाइकासमोर गादीवर आडवं व्हायचं आणि म्हणायचं, "बघा, कंबरेला कसा आधार मिळतो." आधार हाच त्याचा धंदा. घरी आल्यावरही तो अंगातून जात नाही, एवढंच.

आणि वहिनींचा एकच शब्द होता, "चालेल." पडदे पिवळे आणू? चालेल. रविवारी माझ्या साहेबांकडे जाऊ? चालेल. टोकंच उरलेले केस आरशात पाहिले तेव्हासुद्धा त्या म्हणे थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल."

माझा धंदा कपडे दुरुस्तीचा. तळमजल्यावर खोली, खिडकीपाशी शिलाई मशीन, आणि खिडकीच्या बरोबर समोर लिफ्टचं दार. लोक म्हणतात मी फार चौकस आहे. मी कसला चौकस? मशीन तिथेच बसतं.

तर एके दिवशी मी एका पॅन्टची उंची कमी करत बसलो होतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या धिप्पाड बाई लिफ्टचं दार पायानं अडवून कुणाशी तरी गप्पा मारत होत्या. तेवढ्यात लिफ्टमधून आवाज आला, "दार बंद होत आहे. कृपया दारापासून दूर उभे राहा." बाई टुणकन मागे उडाल्या. दार बंद झालं, लिफ्ट वर गेली. मी पुन्हा पॅन्टमध्ये मान घातली आणि मग माझ्या लक्षात आलं, की लिफ्टचा बोलणारा डबा आठवड्यापासून बंद पडलाय. आत फक्त वहिनी होत्या.

संध्याकाळी त्या ब्लाउज द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला इथली भाषा येते?"

"भाषा नाही येत भाऊजी," त्या म्हणाल्या, "वाक्यं येतात."

"किती?"

"एकवीस."

लिफ्टची तीन, बसची पाच, दुकानातल्या बिल करणाऱ्या यंत्राची चार, कपडे धुण्याच्या यंत्राची दोन आणि उरलेली टेलिफोनवरची. सहा वर्षांत इथल्या भाषेत त्यांच्याशी नेमानं बोलणारी मंडळी एवढीच. मी विचारलं, माणसांकडून का नाही शिकलात? त्या म्हणाल्या, "माणसं एकच गोष्ट दर वेळी वेगळी सांगतात. यंत्र तेच वाक्य त्याच सुरात हजारदा सांगतं, कंटाळत नाही, आपलं चुकलं तर हसत नाही. आणि मधे हे नसतात."

उच्चार म्हणाल तर असा, की मला इथे बावीस वर्षं झाली, माझी जीभ अजून वळत नाही. वहिनींचा एकूण एक शब्द घासून पुसून ठेवल्यासारखा. फक्त वाक्यं यंत्राची. काही तरी विकायला फोन यायचा, तर वहिनी गोड आवाजात म्हणायच्या, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा," आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून कपड्यांच्या घड्या घालायला लागायच्या. विकणारा बिचारा दहा-दहा मिनिटं प्रतीक्षा करायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून तणतणत वर गेल्या, तर वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. धन्यवाद." बाई खाली येऊन मला म्हणाल्या, "बाई वरच्या हुद्द्यावर असावी कुठेतरी." एकदा मीआहेनांची आई मुक्कामाला आली. तिनं स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं तेव्हा वहिनी दुकानातल्या बिलाच्या यंत्राचं वाक्य पुटपुटल्या, "पिशवीच्या जागेत अनपेक्षित वस्तू आढळली आहे." सासूला वाटलं सून काहीतरी आदरानं बोलते आहे. तिनं आशीर्वाद दिला.

आता छत्रीचं सांगतो, कारण पुढचं सगळं छत्रीमुळे झालं. वहिनींनी माझी छत्री नेली आणि बसमध्ये विसरल्या. मीआहेना म्हणाले, "मी आहे ना. बसवाल्यांचं हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय असतं, रविवारी जाऊन आणतो." रविवारी ते कार्यालय बंद असतं. असे चार रविवार गेले. पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, वहिनी कुणालाही न सांगता एकट्या गेल्या. कुणालाही म्हणजे मला सोडून. मी लिफ्टसमोरच बसतो, त्याला काय करणार.

तिथे ही गर्दी. नंबराचं यंत्र बिघडलेलं, चाळीस माणसं एका खिडकीला झोंबलेली, प्रत्येक जण माझं आधी म्हणून ओरडतोय. वहिनी मागे उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या. मग त्या बसमधल्या आवाजात, सावकाश आणि स्पष्ट बोलल्या, "कृपया रांगेत उभे राहा. एका वेळी एकाच व्यक्तीने पुढे यावे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

चाळीस माणसं रांगेत उभी राहिली. एक जण तर खिशातून हात काढून ताठ उभा होता म्हणे.

आतून कार्यालयाच्या मोठ्या बाई बाहेर आल्या. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्य, साठीच्या आसपासच्या, गळ्यात दोन चष्मे. त्यांनी वहिनींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला काम हवंय का?" वहिनींना एवढं कळलं. त्या म्हणाल्या, "चालेल."

छत्री सापडली नाही. नोकरी सापडली.

मीआहेनांना हे कळलं तेव्हा ते सरळ माझ्याकडे खाली आले, कारण मला आधीच माहीत असणार हे त्यांना माहीत होतं. "तिथं दिवसभर बोलावं लागेल हो," ते म्हणाले. "हिला कसं जमणार? मी महिनाभर अर्धी रजा काढतो आणि शेजारी बसतो."

"शेजारी काय करणार?"

"भाषांतर."

मी म्हटलं, "खिडकीवर माणूस येऊन म्हणणार, माझी निळी बॅग, सोनेरी चेन, आत आईचा फोटो. आणि तुम्ही वहिनींना सांगणार, बॅग."

ते माझ्यावर दोन दिवस रुसले. पण शेजारी बसायची परवानगी मोठ्या बाईंनीच दिली नाही. त्यांचा नियम होता, की खिडकीवर फक्त इथली भाषा बोलायची, आणि फक्त नोकरीवरच्या माणसानं.

महिनाभर परीक्षा होती. पास झालात तर खिडकी तुमची, नाही तर मागच्या खोलीत बसून वस्तूंना चिठ्ठ्या बांधायच्या. मी वहिनींना म्हटलं, काय वाईट आहे मागच्या खोलीत, निवांत काम. त्या सुईत दोरा ओवून देत होत्या, माझी नजर हल्ली तिथे अडखळते म्हणून. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या खोलीत बोलायला कुणी नाही, भाऊजी. तसली खोली मला घरी आहे."

अडचण बोलण्याची नव्हतीच. वाक्यं महिनाभरात एकविसाची सत्तर झाली, कारण तिथे तेच ते प्रश्न असतात: काय हरवलं, कुठे, केव्हा, रंग कोणता, सही इथे करा. अडचण वेगळीच होती. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांची वस्तू हरवलेली असते. उरलेल्यांना नुसती वस्तू हवी असते. त्यांना नाही म्हणायचं. हेच काम आहे."

आणि वहिनींचा शब्द कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक छत्रीवाले गृहस्थ होते. कोट कडक इस्त्रीचा, बोलणं लोण्यासारखं. पहिल्या दिवशी ते आले आणि मागच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती काळी माझी असावी असं वाटतं." वहिनी म्हणाल्या, चालेल. दुसऱ्या दिवशी बदकाच्या मुठीची छत्री त्यांची असावी असं त्यांना वाटलं. तेही चाललं. तिसऱ्या दिवशी ते झालरीची बायकी छत्री घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "उद्या भेटू." मोठ्या बाईंनी वहिनींना आत बोलावलं. "बाई, हे दुकान नाही," त्या म्हणाल्या, "आणि असतं तरी तुम्ही ते आठवड्यात बुडवलं असतंत. महिनाअखेरपर्यंत बघते."

वहिनी माझ्याकडे सरावाला यायला लागल्या. मी मागायचं, त्यांनी नाही म्हणायचं.

"वहिनी, तुमचं घड्याळ द्या."

"चालेल." आणि काढून दिलं.

"अहो, नाही म्हणायचंय."

"हो, राहिलंच. पुन्हा विचारा."

"तुमची पर्स द्या."

त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान आडवी हलवायला घेतली, आणि पर्स माझ्या हातात आली. अर्ध्या तासात माझ्याकडे त्यांचं घड्याळ, पर्स, शाल, घराची किल्ली आणि अर्धा प्यायलेला चहा जमा झाला. माझी बायको आत आली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "लुबाडताय का बाईला?"

मग वहिनीच विचार करून म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या एकाही वाक्यात 'नाही' नाही. यंत्रं नाही म्हणतच नाहीत."

"मग नको असेल तेव्हा काय म्हणतात?"

त्यांनी टेबलावरच्या किल्लीकडे बघितलं. मग थोड्या ओशाळून म्हणाल्या, "खालच्या मुख्य दाराला आकडे दाबायचं यंत्र आहे ना, ते म्हणतं एक. पहिल्या वर्षी मला रोज म्हणायचं. मी आकडे चुकायची, ते म्हणायचं, आणि हे येईपर्यंत मी दाराबाहेर उभी राहायची. ते वाक्य येतं मला. पण एकविसांत धरलं नव्हतं, कारण कधी वापरलं नाही. ते ऐकताना फार वाईट वाटतं."

"म्हणून दाखवा."

त्या खुर्चीत ताठ बसल्या. "आपण दिलेली माहिती जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

काय सांगू, मी किल्ली परत दिली. मागितलीही नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला निकाल होता. दुपारीच मीआहेना माझ्याकडे आले, दुकानातून अर्धी रजा टाकून. शर्टाच्या पाठीवर गादीचं प्लास्टिक चिकटलेलं. "ती घाबरली असेल," ते म्हणाले. "जाऊन यावं म्हणतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडाला खाज सुटते त्याला काय करणार. मी म्हटलं, "जाच तुम्ही. तिथे त्यांना लोकांना नाही म्हणावं लागतं म्हणे."

"हिला?" ते हसले. "सहा वर्षांत मी तरी ऐकलेलं नाही. थांबा, मी बोलतो त्या मोठ्या बाईंशी, मी आहे ना."

मी मशीनवर कापड टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. माझं काम होतंच तिकडे. माझी छत्री अजून मिळाली नव्हती.

बस आगाराच्या खाली, तीन पायऱ्या उतरून ते कार्यालय आहे. आत एक लांब बाक, दुरुस्त झालेलं नंबराचं यंत्र आणि दोन खिडक्या. खिडक्यांमागे छतापर्यंत फळ्या. एकेकटे हातमोजे चिमट्यांना टांगलेले, चष्म्यांचे खण, काठ्यांची मोळी, काचेच्या बरणीत तीन कवळ्या, आणि माणसाएवढं एक पितळी वाद्य. ते बसमध्ये कुणी विसरतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी: तारीख, बस, कुठे सापडली. वहिनी दोन नंबरच्या खिडकीत होत्या, अंगावर कार्यालयाचा करडा कोट, नाकावर चष्मा. मोठ्या बाई त्यांच्या मागे खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या.

मीआहेना सरळ खिडकीशी गेले. "अगं, ऐक—"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मागे मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि इथल्या भाषेत म्हणाल्या, "कृपया नंबर घ्या."

"अगं, मी आहे."

"कृपया नंबर घ्या."

रांगेतल्या एका आजोबांनी मीआहेनांच्या खांद्यावर हात ठेवून यंत्र दाखवलं. त्यांनी नंबर घेतला. मीही घेतला, माझा त्यांच्या आधीचा आला, कारण ते यंत्राचं बटण दाबायचं सोडून ओढत बसले होते.

माझ्या आधी कोण होतं म्हणाल, तर छत्रीवाले गृहस्थ. ते हसत पुढे झाले आणि फळीवरच्या हिरव्या पट्ट्यांच्या छत्रीकडे बोट दाखवलं. "ती माझी असावी असं वाटतं."

"कुठल्या बसमध्ये राहिली?"

"नेहमीच्या."

"मुठीवर काय कोरलंय?"

"नक्षी," गृहस्थ म्हणाले.

वहिनींनी चष्मा वर सरकवला. "आपण दिलेली माहिती जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

गृहस्थांना ऐकू आलं नाही असं नाही, त्यांना ते खरंच वाटेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. फूल? पुन्हा प्रयत्न करा. पक्षी? पुन्हा. कुत्रा? चौथ्या वेळी ते इतके चिडले, की पाय आपटत वर निघून गेले आणि हातातली स्वतःची छत्री काउंटरवरच राहिली. वहिनींनी ती उचलली, चिठ्ठी बांधली आणि फळीवर ठेवली.

मला वाटलं, झालं, जिंकल्या. पण मोठ्या बाई वहीत काही न लिहिता म्हणाल्या, "परक्या माणसाला म्हणणं सोपं असतं."

माझा नंबर आला. आता खरं सांगतो, बाकावर बसून मी एक छत्री हेरून ठेवली होती. लाकडी मूठ, दणकट काड्या, माझ्या हरवलेल्या छत्रीपेक्षा चौपट चांगली. माझी यांनीच हरवली, तर बदल्यात बरी मिळायला काय हरकत आहे, असा माझा साधा हिशेब. मी खिडकीशी जाऊन डोळा मिचकावला. "बाई, माझी ती लाकडी मुठीची."

वहिनींनी चष्मा वर सरकवला. "आपल्या छत्रीची मूठ प्लास्टिकची होती," त्या म्हणाल्या. हे वाक्य कुठल्याही यंत्राचं नव्हतं, त्यांनी जागच्या जागी बनवलं होतं. "आणि एक काडी वाकडी होती. माहिती जुळत नाही."

"वहिनी, घरचाच आहे मी," मी आपल्या भाषेत हळूच म्हटलं.

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मी परत बाकावर येऊन बसलो. कान गरम झाले होते. मोठ्या बाई वहीत एक ओळ लिहिताना दिसल्या.

मग मीआहेनांचा नंबर लागला. त्यांनी बसमधून येताना इथल्या भाषेत एक भाषण तयार केलं होतं, मला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं: माझी पत्नी लाजाळू आहे, तिला सांभाळून घ्या वगैरे. पण खिडकीशी गेल्यावर वहिनींनी पहिला नेहमीचा प्रश्न विचारला, "आपलं काय हरवलं?" आणि ते गडबडले. भाषण गळून पडलं आणि तोंडून एवढंच आलं, "बायको."

बाकावरची माणसं नीट सरसावून बसली.

वहिनींनी अर्ज ओढला आणि पेन उघडलं. "शेवटची कुठे दिसली होती?"

"घरी. सकाळी, दारात."

"अंगात कोट कोणत्या रंगाचा होता?"

मीआहेनांनी त्यांच्या करड्या कोटाकडे पाहिलं. "तो इथला आहे," वहिनी म्हणाल्या. "घरून निघताना."

"तपकिरी."

मी कपाळाला हात लावला. तपकिरी कोट दोन वर्षांपूर्वी गेला. आता हिरवा आहे. मीच बाह्या आखूड करून दिल्या.

"कुठल्या नंबरच्या बसने निघाली?"

"असते ना सकाळची एक."

"चष्मा आहे का?"

"नाही नाही, चष्मा नाही तिला," मीआहेना ठामपणे म्हणाले, समोरच्या चष्म्याकडे बघत. मग थांबले. वळून त्यांनी मला आपल्या भाषेत विचारलं, "चष्मा केव्हा लागला हो?"

"चार महिने झाले," मी म्हटलं.

"कृपया इतरांची मदत घेऊ नये," वहिनी म्हणाल्या. "काही विशेष खूण?"

मीआहेनांचा चेहरा उजळला. हे त्यांना येत होतं. "शांत आहे. तिला काहीही चालतं."

बाकावर कुणीतरी खोकलं. छत्रीवाल्यांचं आणि माझं तिच्यापुढे नुकतंच काहीही चाललं नव्हतं.

वहिनींनी अर्जावरून पेन फिरवलं. चष्मा वर सरकवला. "वर्णन जुळत नाही," त्या म्हणाल्या. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार किंवा रडणार. त्यानं हातातला नंबराचा कागद चुरगळून खिशात टाकला. मग यंत्राकडे गेला, यावेळी बटण नीट दाबलं, नवा नंबर घेतला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. मी काहीतरी चिमटा काढायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "गप्प बसा हो जरा, बघू द्या."

चाळीस मिनिटं तो बघत होता. एका म्हातारीची कवळी सापडली, तिनं ती तिथेच घालून बघितली. एका माणसाला तीन उजवे हातमोजे हवे होते, त्याला एक मिळाला. एका बाईची बॅग सापडली नाही, ती रडायला लागली, तर वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या हातावर ठेवला आणि काहीच म्हटलं नाही.

पुन्हा नंबर आला. मीआहेना पुढे झाले. इथल्या भाषेत, एकेक शब्द शोधत बोलले, गादी विकताना बोलतात तसं अजिबात नाही.

"कोट हिरवा आहे. मागे खुंटीवर आहे, बाह्या आखूड केल्यात. चष्मा आहे. नाही म्हणायच्या आधी तो वर सरकवते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई आहे. लिहिताना जीभ दातात धरते. लोक रडले तर त्यांच्याशी बोलत नाही, हात धरते." ते थांबले. "बस कुठल्या नंबरची ते मला माहीत नाही. ते मी विचारलंच नव्हतं कधी."

वहिनींनी सगळं लिहून घेतलं. जीभ दातात होती, लक्षात आल्यावर आत घेतली. अर्जाखाली रेघ मारली.

"वर्णन जुळतं," त्या म्हणाल्या.

मीआहेनांनी हुश्श केलं आणि हात पुढे केला, जणू आता वस्तू काउंटरवरून मिळणार.

"पण अशी वस्तू आमच्याकडे जमा नाही," वहिनी म्हणाल्या. "ती इथे कामाला आहे. पाचला सुटते, साडेपाचला घरी येते. सकाळी येते ती सात नंबरची बस." आणि मग मोठ्या बाईंची परवानगी न घेता, नियम मोडून, आपल्या भाषेत हळूच, "तुम्ही निघा. मी येते माझी माझी."

मीआहेनांनी मान हलवली. ते काय म्हणतात याची मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "चा—" आणि पुढचं गिळलं. मग म्हणाले, "बरं."

मोठ्या बाई उठल्या. वहिनींच्या खिडकीवर 'शिकाऊ' अशी छोटी पत्र्याची पाटी अडकवली होती, ती त्यांनी काढली. इकडेतिकडे बघितलं, कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून खणातून पुठ्ठ्याची एक चिठ्ठी घेतली, दोऱ्यानं पाटीला बांधली, तारीख टाकली, 'खिडकी क्रमांक दोन' असं लिहिलं आणि पाटी छत्र्यांच्या फळीवर ठेवून दिली. मग वहिनींना म्हणाल्या, "कुणी मागायला आलं तर वर्णन विचारा."

आम्ही दोघं तीन पायऱ्या चढून वर आलो. मीआहेना थांब्यावरच्या तक्त्यासमोर उभे राहून एकेक ओळ बोटानं वाचायला लागले. पहिल्या दोन बसगाड्या आमच्या घराकडेच जात होत्या, त्या त्यांनी सोडल्या. मी म्हटलं, "चढा की." ते म्हणाले, "सात नंबरनं जाऊ. बघू तरी कुठून जाते." ती बस परतताना अख्ख्या गावाला वळसा घालते. मला पाऊण तास उभं राहावं लागलं, छत्रीवाचून, आणि घरी पोचलो तेव्हा वहिनी पाचनंतरची सरळ बस धरून आमच्या आधी येऊन कुलूप उघडत होत्या.